मुलं ऑफिसला गेल्यावर: सोलापूरहून अमेरिकेला जाणाऱ्या आई-बाबांसाठी

एप्रिल लागला, पारा चाळीसच्या वर गेला, की सोलापुरातल्या प्रत्येक आळीतून कोणी ना कोणी अमेरिकेला निघालेलं असतं. कोणाचा मुलगा न्यू जर्सीत, कोणाची लेक शिकागोत, कोणाचे जावई कॅलिफोर्नियात. मुक्काम तीन-चार महिन्यांचा. तिथे पोचल्यावर मात्र बहुतेकांचं एकच होतं: सोमवार ते शुक्रवार घरात बसायचं आणि शनिवार-रविवारी दमलेल्या मुलांच्या गाडीत बसून, सगळं शहर लोटलेलं असताना गर्दीत फिरायचं. मला हे मनापासून पटत नाही. ज्या शहरात चांगली रेल्वे आहे, तिथे मंगळवारी-बुधवारी आपलं आपण निघावं. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को या चार शहरांत हे अगदी जमण्यासारखं आहे. डॅलस, ह्यूस्टन किंवा फिनिक्सच्या उपनगरात घर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे गाडीशिवाय पान हलत नाही, कित्येक ठिकाणी फूटपाथच नसतो, त्यामुळे शनिवारची वाट पाहावीच लागते. म्हणून हे सगळं त्या चार शहरांबद्दल.

आधी बॅगेचं

शेंगा चटणी न घेता अमेरिकेला गेलेला सोलापूरकर शोधून सापडायचा नाही. नेता येते, पण हातातल्या बॅगेत ठेवू नका. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ३५० मिलीपेक्षा जास्त, म्हणजे शीतपेयाच्या एका डब्यापेक्षा जास्त भुकटी हातातल्या सामानात असेल तर ती वेगळी काढून तपासतात, आणि समाधान झालं नाही तर तिथेच ठेवून घेतात. चटणी, मेतकूट, काळं तिखट हे सगळं मोठ्या बॅगेत टाका. कुटलेल्या चटणीला तेल सुटतं, म्हणून आधी जाड प्लास्टिकची पिशवी, ती दुसऱ्या पिशवीत, मग घट्ट झाकणाचा डबा आणि डब्याभोवती टॉवेल गुंडाळा.

तिथे उतरल्यावर अधिकारी विचारतो, खाण्याचं काही आणलंय का. उत्तर सरळ ‘हो’ असं द्यायचं आणि काय काय आहे ते सांगायचं. सुके मसाले, चटण्या, कडक भाकरी यांना सहसा कोणी अडवत नाही. पण ‘काही नाही’ म्हटलं आणि बॅगेतून निघालं, तर दंड होतो आणि तो शेकडो डॉलरचा असतो. घरच्या झाडाचा कढीपत्ता, आंबे, तांदूळ, मांसाचं काहीही नेऊ नका. कढीपत्त्यावरून येणारी कीड लिंबू-संत्र्याच्या बागा मारणारा रोग पसरवते आणि तांदळातून खापरा किडा जातो, म्हणून तिकडे याबाबत कडक असतात. तांदूळ न्यायचं कारणही नाही, तिथल्या भारतीय दुकानांत सगळे प्रकार मिळतात. ज्वारीचं पीठही मिळतं. फक्त पाकिटावरची तारीख बघा, कारण जुन्या पिठाची विरी गेलेली असते आणि भाकरी थापताना कडेला चिरते.

एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. अमेरिकेत शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं बरीच असतात आणि ती ॲलर्जी जिवावर बेतू शकते. नातवाच्या शाळेच्या डब्यात शेंगा पोळी किंवा चटणी प्रेमाने घालून देऊ नका. अनेक शाळांत शेंगदाणे आणायलाच बंदी असते. शेजाऱ्यांकडे वाटी पाठवण्याआधीही सुनेला किंवा लेकीला विचारा.

भेट म्हणून सोलापुरी चादर नेणार असाल तर निघण्याआधी गादीचं माप मागवा. तिथे गाद्यांची मापं ठरलेली असतात: ट्विन ३८ बाय ७५ इंच, फुल ५४ बाय ७५, क्वीन ६० बाय ८०, किंग ७६ बाय ८०. बहुतेक जोडप्यांकडे क्वीन किंवा किंग असते. आपली ६० बाय ९०ची सिंगल चादर क्वीनवर टाकली तर दोन्ही बाजूंना लोंबायला काहीच उरत नाही. त्यांच्यासाठी डबल घ्या. सिंगल नातवाच्या ट्विन बेडवर मात्र झकास बसते.

पैशांचं थोडक्यात: यूपीआय तिथे विसरा. व्हिसा किंवा मास्टरकार्ड चालतं, पण बँकेच्या ॲपमधून परदेशातले व्यवहार आणि ‘टॅप’ (कार्ड यंत्राला नुसतं टेकवून पैसे देणं) या दोन्ही सोयी निघण्याआधी स्वतः चालू करा. तिथे गेल्यावर ओटीपीसाठी भारतातलं सिम हातात नसेल तर हे काम अडकून बसतं. एक आणि पाच डॉलरच्या थोड्या नोटा जवळ ठेवा.

न्यूयॉर्क

न्यूयॉर्कचा सबवे चोवीस तास चालतो. अंतर कितीही असो, भाडं एकच, साधारण तीन डॉलर. गेटवर कार्ड टॅप करायचं, बाहेर पडताना करायचं नाही. सात दिवसांत त्याच कार्डावर साधारण बारा फेऱ्या झाल्या की पुढच्या फेऱ्या फुकट होतात. इथेच लोक फसतात: एकदा फोन टॅप केला, एकदा कार्ड, तर यंत्राला ती दोन वेगळी माणसं वाटतात आणि बारा कधी भरतच नाहीत. नवरा-बायकोने आपापलं एकेक कार्ड ठरवायचं आणि आठवडाभर तेच वापरायचं.

दुसरी चूक याहून महाग पडते. लहान स्टेशनांवर ‘अपटाउन’ (उत्तरेकडे जाणाऱ्या) आणि ‘डाउनटाउन’ (दक्षिणेकडे जाणाऱ्या) गाड्यांची दारं रस्त्याच्या दोन बाजूंना वेगवेगळी असतात आणि आत एका फलाटावरून दुसऱ्यावर जायला वाट नसते. चुकीच्या दाराने आत गेलात की बाहेर या, रस्ता ओलांडा, पुन्हा भाडं भरा. जिन्याच्या तोंडाशी पाटी असते, ती वाचूनच उतरायचं. गुडघे दुखत असतील तर नकाशावर व्हीलचेअरचं चिन्ह असलेली स्टेशनंच निवडा, कारण बहुतेक स्टेशनांवर लिफ्ट नाही.

न्यू जर्सीत जर्सी सिटीकडे राहणाऱ्यांसाठी पाथ नावाची वेगळी रेल्वे आहे. तिचं भाडं वेगळं, सबवेच्या बारा फेऱ्यांत ती धरली जात नाही. एडिसनकडून येणार असाल तर एनजे ट्रान्झिटची गाडी मेट्रोपार्क स्टेशनवरून न्यूयॉर्कमधल्या पेन स्टेशनला जाते. तिचं तिकीट चढण्याआधीच ॲपवर किंवा यंत्रावर काढा, गाडीत काढलं तर वर जादा पैसे लागतात.

पहिल्या दिवसासाठी माझी पसंती मॅनहॅटनच्या, म्हणजे शहराच्या मुख्य बेटाच्या, दक्षिण टोकाला. पाथने वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरा. बाहेर येताच ११ सप्टेंबरचं स्मारक आहे. दोन मनोरे जिथे उभे होते, नेमक्या त्याच जागी दोन खोल चौकोनी कुंडं आहेत, पाणी चारी बाजूंनी आत कोसळतं आणि कठड्यावर २,९८३ नावं कोरलेली आहेत. स्मारकाला तिकीट नाही, शेजारच्या संग्रहालयाला आहे. तिथून वीस मिनिटं दक्षिणेला चालत गेलं की व्हाइटहॉल टर्मिनल येतं आणि तिथून सुटते स्टेटन आयलंड फेरी.

या फेरीचं मला फार कौतुक आहे. मोठी नारिंगी बोट, चोवीस तास सेवा, एका बाजूचा प्रवास पंचवीस मिनिटांचा, आणि तिकीट नाहीच. जाताना बोटीच्या उजव्या बाजूला उभे राहा, स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा त्याच बाजूने जातो. सकाळी साडेनऊ-दहाला जा. ऊन पूर्वेकडून पुतळ्यावर पडलेलं असतं आणि नोकरीवाल्यांचा लोंढा उलट्या दिशेने उतरून गेलेला असतो, त्यामुळे कठड्याला जागा मिळते. संध्याकाळी पुतळा सूर्याच्या आड येतो, फोटोत नुसती काळी आकृती उमटते. पलीकडे सेंट जॉर्जला पोचल्यावर बोटीतच बसून राहता येत नाही. सगळ्यांना खाली उतरून, टर्मिनलमधून वळसा घालून पुन्हा चढावं लागतं. परत येताना पुढच्या कठड्याला या. मॅनहॅटनचे सगळे मनोरे पाण्यातून हळूहळू वर येताना दिसतात. बोटीत आणि दोन्ही टर्मिनलवर स्वच्छतागृहं आहेत, आपल्या वयाला हे आधी माहीत असलेलं बरं.

टर्मिनलच्या आसपास गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले लोक ‘फेरीचं तिकीट’ विकतात. फेरी फुकट आहे, तिचं तिकीट कुठेच नसतं. ते विकतात ती दुसऱ्याच बोटींची, तीही चढ्या भावाने. पुतळ्याच्या बेटावर खरोखर उतरायचं असेल तर स्टॅच्यू सिटी क्रूझेस या एकाच कंपनीच्या बोटी तिथे लागतात. त्याच कंपनीच्या बोटी जर्सी सिटीतल्या लिबर्टी स्टेट पार्कमधूनही सुटतात. न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी तिकडूनच जावं, रांग लहान असते. मुकुटापर्यंत चढायची तिकिटं काही महिने आधी संपतात आणि जिना अरुंद, गोल आणि खडा आहे. साठीनंतर खालूनच पुतळा जास्त छान दिसतो, असं माझं ठाम मत.

ब्रुकलिन ब्रिज १८८३चा. लांबी जवळपास १.८ किलोमीटर, वर चालायला वेगळी वाट आहे. मॅनहॅटनकडून चालायला लागलात तर शहर पाठीमागे राहतं आणि दर दोन मिनिटांनी मान वळवावी लागते. ए किंवा सी गाडीने ब्रुकलिनमधल्या हाय स्ट्रीटला उतरा आणि मॅनहॅटनच्या दिशेने चाला.

दुसरा दिवस सात नंबरच्या गाडीचा. शहराच्या क्वीन्स या भागात ही गाडी जमिनीच्या वर, खांबांवरून धावते, म्हणून खिडकीजवळ बसायचं. शेवटचं स्टेशन फ्लशिंग. बाहेर पडल्यावर दहा मिनिटं चिनी बाजारातून जायचं. भाजीची दुकानं फूटपाथवर आलेली, पाट्या चिनीत. मग शांत घरांचा रस्ता लागतो आणि बाऊन स्ट्रीटवर एकदम गोपुर समोर येतं. हे १९७७ साली प्राणप्रतिष्ठा झालेलं गणपतीचं मंदिर, दाक्षिणात्य धाटणीचं. दर्शन झालं की तळघरातल्या कॅन्टीनमध्ये उतरा. काउंटरवर पैसे द्यायचे, नंबर पुकारला की ताट आणायचं. डोसे, इडली, पोंगल, फिल्टर कॉफी. ज्यांची जीभ अशोक चौकातल्या तेलुगू घरांच्या आणि अक्कलकोट रस्त्याच्या कन्नड घरांच्या शेजारी वाढली आहे, त्यांना सांबाराची चव कळायला वेळ लागत नाही. मॅनहॅटनमधल्या भारतीय हॉटेलांपेक्षा इथे पैसेही बरेच कमी लागतात.

परतताना ७४ स्ट्रीट–ब्रॉडवेला उतरा, म्हणजे जॅक्सन हाइट्स. इथे एक खाचखळगा आहे. सात नंबरचं चिन्ह गोलात असेल तर ती गाडी सगळीकडे थांबते, चौकटच्या आकारात असेल तर ती जलद असते आणि ७४ला थांबत नाही. जॅक्सन हाइट्समध्ये साड्या, बांगड्या, मिठाई, पटेल ब्रदर्सचं किराणा दुकान, शिवाय बांगलादेशी आणि नेपाळी दुकानं. मोमो खायचे ते इथेच.

न्यू जर्सीतला ओक ट्री रोड यापेक्षा मोठा. एडिसन आणि इझलिन ही दोन गावं त्याने जोडलेली. किराणा, सोनं, ब्लाउज शिवणारे, चाट, सगळं एका रस्त्यावर, पण नवी पेठेसारखं एका दमात पायी फिरता येत नाही, कारण दुकानं पार्किंगच्या मैदानांभोवती विखुरलेली आहेत. जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरला पाथने उतरून न्यूअर्क अव्हेन्यू गाठला तर तिथली देशी दुकानं मात्र खरोखर पायी होतात. रॉबिन्सव्हिलचं अक्षरधाम २०२३मध्ये उघडलं. तिथे जायला गाडीच लागते, तेवढं एक मुलांच्या रविवारासाठी ठेवा.

मेट्रोपॉलिटन म्युझियम हे मोठं कलासंग्रहालय बुधवारी बंद असतं. ‘वाटेल तेवढे पैसे द्या’ ही सोय फक्त न्यूयॉर्क राज्यातल्या रहिवाशांना आणि आसपासच्या राज्यांतल्या विद्यार्थ्यांना आहे. बाकी प्रौढांना ३० डॉलर, पासष्टीपुढच्यांना २२. मागे लागूनच सेंट्रल पार्क आहे. जेवण तिथल्या बाकावर करा. कडक भाकरी कुस्करायची, वर शेंगा चटणी, सोबत दह्याचा छोटा डबा आणि कांदा. दोघांचं पोट भरतं आणि बाहेरच्या एका सँडविचचेही पैसे जात नाहीत.

संध्याकाळी टाइम्स स्क्वेअरला एकदा जावंच. कार्टूनचे पोशाख घातलेले लोक जवळ घेऊन फोटो काढतात आणि मग पैसे मागतात, लांबूनच हात करा. तिथल्या लाल पायऱ्यांखाली टीकेटीएसची खिडकी आहे. त्याच दिवशीच्या ब्रॉडवे नाटकांची तिकिटं तिथे सवलतीत, काही वेळा निम्म्या दरात मिळतात. भाषेची अडचण वाटत असेल तर गाण्याचं नाटक घ्या, नुसत्या संवादांचं नको. जूनमध्ये साडेआठपर्यंत उजेड असतो, त्यामुळे घरी परतायची भीती वाटत नाही. जवळच ४२व्या रस्त्यावर ब्रायंट पार्क आहे आणि तिथलं सार्वजनिक स्वच्छतागृह इतकं टापटीप आहे, की लोक मुद्दाम वाट वाकडी करून जातात. एरवी सबवे स्टेशनांवर याची सोय क्वचित. ग्रंथालयं आणि मोठी दुकानं लक्षात ठेवायची. पाण्याची रिकामी बाटली पर्समध्ये असू द्या, तिथे जेट नसतो.

वॉशिंग्टन

पैशांच्या मानाने सर्वांत जास्त देणारं शहर हेच. स्मिथसोनियनची संग्रहालयं फुकट आहेत, २५ डिसेंबर सोडून रोज उघडी असतात आणि मॉलवरची बहुतेक सकाळी दहा ते साडेपाच. मॉल म्हणजे दुकानांचा नव्हे, हिरवळीचा लांब पट्टा. कॅपिटॉल, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची इमारत, तिथपासून लिंकन स्मारकापर्यंत तीन किलोमीटर. समोर दिसतंय म्हणून लोक चालायला लागतात आणि दुपारी पाय धरून बसतात. कॅपिटॉलची बाजू एक दिवस, लिंकनची बाजू दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, अशी वाटणी करा.

विमान आणि अवकाशाच्या संग्रहालयाला प्रवेश फुकट असला तरी वेळेचा पास आधी ऑनलाइन काढावा लागतो. नॅचरल हिस्ट्री संग्रहालयाला पास लागत नाही. तिथे वरच्या मजल्यावर होप हिरा आहे, ४५.५२ कॅरटचा, गडद निळा. तो आंध्रातल्या कोल्लूरच्या खाणीतला मानतात. सकाळी दार उघडताच आधी तिकडे जा. अकरानंतर शाळांच्या सहली येतात आणि काचेपर्यंत पोचायला मिळत नाही.

कॅपिटॉलच्या आत फुकट फिरवून दाखवतात, पण खाण्याचं काहीही आणि पाण्याने भरलेली बाटली आत नेता येत नाही. भाकरी-चटणीचा डबा त्या दिवशी बरोबर घेऊ नका, दारातच टाकावा लागेल. मेट्रोतही खायला-प्यायला बंदी आहे. मॉलच्या कडेला उभ्या असलेल्या खाण्याच्या गाड्यांवर भाव लिहिलेला नसेल तर आधी विचारा, मगच मागवा.

इथल्या मेट्रोत शिरताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा टॅप करायचं, भाडं अंतरावर ठरतं. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. व्हर्जिनियात ॲशबर्न-हर्नडनकडे राहणाऱ्यांना सिल्व्हर लाइन थेट स्मिथसोनियन स्टेशनला आणून सोडते. लिंकन स्मारक रात्रंदिवस उघडं असतं. दिवे लागल्यावर जा. मार्टिन ल्यूथर किंग १९६३ साली जिथे उभं राहून बोलले, ती जागा पायऱ्यांवर कोरून ठेवली आहे.

शिकागो

एप्रिलमध्ये सोलापूरच्या हिशेबाने कपडे भरले तर शिकागोत पहिल्याच दिवशी पस्तावाल. मिशिगन तळ्यावरून येणारं वारं हाडात शिरतं, एप्रिलात कधी बर्फही पडतं. मे अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत शहर देखणं असतं.

नेपरव्हिल किंवा शॉमबर्गला घर असेल तर मेट्राची गाडी युनियन स्टेशनला येते. दुपारी गाड्या विरळ असतात, परतीची वेळ उतरतानाच लिहून घ्या. स्टेशनबाहेर ॲडम्स स्ट्रीट धरा आणि पूर्वेला सरळ चालत राहा. अख्खा दिवस या एका रस्त्यावर आहे. आधी विलिस टॉवर लागतो, ११० मजली, ४४२ मीटर उंच. ढाक्याच्या बाजूचे अभियंते फझलुर रहमान खान यांच्या रचनेने तो उभा आहे. १०३व्या मजल्यावर काचेच्या सज्जात उभं राहता येतं. ढगाळ दिवशी तिकीट काढू नका, पांढऱ्या धुक्याखेरीज काही दिसत नाही. पुढे ‘रूट ६६’ हा जुना प्रसिद्ध महामार्ग जिथून सुरू होतो ती पाटी, आणि रस्ता संपतो तिथे दोन सिंहांची इमारत: आर्ट इन्स्टिट्यूट. ११ सप्टेंबर १८९३ला सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले ते याच वास्तूत. बाहेरच्या रस्त्याच्या तुकड्याला त्यांचं नाव आहे. संग्रहालयाचे सुटीचे दिवस बदलत आले आहेत, निघण्याआधी त्यांचं संकेतस्थळ बघा.

तिथून पाच मिनिटांवर मिलेनियम पार्क, तिथे मुंबईत जन्मलेल्या अनीश कपूर यांचं आरशासारखं चकचकीत ‘क्लाउड गेट’ शिल्प. फुकट. उन्हाळ्यात तिथल्याच खुल्या रंगमंचावर वाद्यवृंदाच्या फुकट मैफली असतात, सतरंजी घेऊन हिरवळीवर बसायचं. तळ्याकाठच्या नेव्ही पिअर या धक्क्यावर उन्हाळ्यात बुधवारी आणि शनिवारी रात्री आतषबाजी होते. बुधवारची गाठा.

शिकागोचा डीप डिश पिझ्झा भाजायला चाळीसेक मिनिटं लागतात. भूक लागल्यावर जाऊन बसलात तर कासावीस व्हाल, आधी फोनवर मागणी नोंदवा. खाली जाड कडेची पोळी, मध्ये चीज, वर टोमॅटोचा दाट रस. दोघांना सर्वांत लहान आकार पुरून उरतो.

डेव्हन अव्हेन्यू ही इथली देशी पेठ. पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान १९७४मध्ये इथेच निघालं. याच रस्त्याच्या एका तुकड्याला गांधी मार्ग म्हणतात, दुसऱ्याला जीनांचं नाव. रेल्वेचं स्टेशन जवळ नाही. रेड लाइनने मोर्स किंवा लोयोलाला उतरून १५५ नंबरची बस घ्यावी लागते.

सॅन फ्रान्सिस्को

जुलैत स्वेटर घ्या. खरंच घ्या. फ्रीमॉन्टसारख्या उपनगरात घाम येत असतो आणि शहरात दुपारीही धुकं आणि थंड वारं. फ्रीमॉन्टहून बार्ट रेल्वे येते, उतरताना टॅप करायचं विसरू नका. केबल कार म्हणजे इथे चढाच्या रस्त्यांवरून दोराने ओढली जाणारी जुनी ट्राम. तिच्यासाठी पॉवेल स्ट्रीटच्या, गाडी वळवायच्या फिरत्या चक्रापाशी तासभर रांग असते. कॅलिफोर्निया स्ट्रीटच्या मार्गावर तीच मजा जवळजवळ रांगेविना मिळते. गोल्डन गेट पुलावर पायी जायला पैसे नाहीत. मुलांच्या गाडीने गेलात तर सीटवर पर्स, पिशवी, जॅकेटसुद्धा ठेवू नका. काच फोडून उचलतात, आणि दोन मिनिटांत.

शाकाहाऱ्यांनी काय सांभाळायचं

‘मी व्हेजिटेरियन आहे’ एवढ्याने भागत नाही. तिथले काही जण माशाला मांस धरतच नाहीत, आणि सूप चिकनच्या पाण्यात उकळलंय हे त्यांच्या लक्षातच येत नाही. ‘नो मीट, नो फिश, नो एग, नो चिकन ब्रॉथ’ असं मोजून सांगा. मेक्सिकन हॉटेलात घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी असू शकते आणि भात चिकनच्या रश्शात शिजवलेला असू शकतो. सीझर सॅलडच्या मसाल्यात मासा असतो. जेलो आणि मार्शमेलो प्राण्यांच्या जिलेटिनचे. अमेरिकेतल्या मॅकडोनल्ड्सच्या फ्रेंच फ्राइजमध्ये बीफ फ्लेवर असतो, कंपनीच्या स्वतःच्या घटकयादीत तसं लिहिलंय. नातवंडं मागतात तेव्हा ज्याला चालत नाही त्याने हे ध्यानात ठेवावं.

निर्धास्त खाण्यासारखंही पुष्कळ आहे. चिपोटले या मेक्सिकन धाटणीच्या हॉटेलांत भात, दोन्ही प्रकारचा राजमा आणि भाज्या शुद्ध शाकाहारी आहेत, आणि मांस घेतलं नाही तर ग्वाकामोलीचे (ॲव्होकॅडोच्या चटणीचे) जादा पैसे लागत नाहीत. टॅको बेलच्या राजम्यात चरबी नसते. फलाफल, म्हणजे हरभऱ्याचे वडे, सगळीकडे मिळतं. तिखट लागेलच असं नाही, म्हणून चटणीची पुडी पर्समध्ये असावी.

बसून खायच्या हॉटेलात कर सोडून बिलाच्या १८ ते २० टक्के टिप द्यायची असते. काउंटरवर घेऊन खायचं असेल तर पडद्यावर पर्याय आला तरी देणं बंधनकारक नाही. सहा किंवा जास्त माणसं असतील तर बिल नीट वाचा. ‘ग्रॅच्युइटी’ लिहून टिप आधीच लावलेली असते आणि आपण भिडेपोटी पुन्हा देतो. पाणी मागताना ‘टॅप वॉटर’ म्हणा, नाहीतर बाटली येते. बर्फ नको असेल तर ‘नो आइस’. एक ताट दोघांत पुरतं, उरलं तर डबा मागायला लाजू नका, तिथे सगळेच मागतात.

खरेदी

पाटीवरच्या किमतीत कर धरलेला नसतो. न्यूयॉर्क शहरात तो ८.८७५ टक्के, शिकागोत दहाच्या वर. पण न्यूयॉर्क शहरात ११० डॉलरच्या आतला प्रत्येक कपडा आणि बुटांचा जोड करमुक्त आहे, आणि न्यू जर्सीत कपड्यांवर करच नाही. न्यू जर्सीत राहून शिकागोच्या सहलीत कपडे घेणं म्हणजे उगाच दहा टक्के जादा. बहुतेक राज्यांत परदेशी पाहुण्याला विमानतळावर कर परत मिळत नाही. मॉलमधल्या मोठ्या दुकानांऐवजी रॉस, मार्शल्स, बर्लिंग्टन बघा. ब्रँडेड माल निम्म्या भावात मिळतो, पण मापं विस्कटलेली असतात, म्हणून मंगळवारी-बुधवारी सकाळी निवांत शोधायचं. मेमोरियल डे, चार जुलै आणि लेबर डे या सुट्यांना सूट असते.

टॉवेल आणि चादरी तिथून आणू नका. लेबल उलटून बघा, कितीतरी टॉवेलांवर ‘मेड इन इंडिया’ असतं. आपल्या अक्कलकोट रोडच्या कारखान्यांतून टेरी टॉवेल जगभर जातो.

विजेच्या वस्तूंत सर्वांत जास्त पैसे बुडतात. तिथे वीज ११०-१२० व्होल्टची, आपल्याकडे २३०ची. वस्तूच्या बुडाशी किंवा चार्जरवर बारीक अक्षरांत ‘इनपुट’ची ओळ असते. तिथे ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असेल तर निर्धास्त घ्या. लॅपटॉपचे, फोनचे, ट्रिमरचे चार्जर सहसा असेच असतात. ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ एवढंच असेल, तर ती इस्त्री, मिक्सर किंवा इन्स्टंट पॉट सोलापुरात प्लगला लावताच जळेल. पिन बदलणारा ॲडॅप्टर व्होल्टेज कमी करत नाही, दुकानदार काही म्हणो.

आयफोन घेताना दोन गोष्टी: तो ‘अनलॉक्ड’, म्हणजे कोणत्याही कंपनीचं सिम चालणारा हवा, आणि अमेरिकेतल्या मॉडेलांना आयफोन १४पासून सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम चालतं. घेण्याआधी आपल्या कंपनीचं ई-सिम मिळतं का ते विचारून ठेवा. पावती तीस दिवस तरी जपून ठेवा, त्या मुदतीत बऱ्याच दुकानांत वस्तू विनातक्रार परत घेतात.

परतीच्या बॅगेचं वजन निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी करा. सहसा २३ किलोच्या दोन बॅगा चालतात, तरी तिकीट बघा. रिकामी बॅगच चार-पाच किलोची असते. जास्त झालेले बूट आणि टिन मुलांकडेच ठेवून द्या, पुढच्या खेपेला कोणीतरी येणारच असतं.